द्राक्षबागेत सीसी११०१: प्रिॲम्बल आणि सिंक वर्डचा पूर्ण हंगामाचा अनुभव

निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागेत सीसी११०१ या रेडिओ चिपची मॉड्यूल्स ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात, ४.८ केबीपीएसने (सेकंदाला ४,८०० बिट), ओलाव्याचे सेन्सर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह सांभाळतात. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या उघड्या काड्यांपासून गच्च पानोऱ्यापर्यंत सगळ्या अवस्थांत वापर झाला. चिप चांगली आहे. मात्र कुठूनतरी उचललेल्या सेटिंगवर चालवली, तर पानं भरली की पॅकेट गळायला लागतात आणि शिव्या अँटेनाला बसतात.

प्रिॲम्बल म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या आधी जाणारे तयारीचे बिट. त्याचा नमुना चिपने ठरवलेलाच आहे: १०१०१०. आपल्या हातात फक्त लांबी, तीही २, ३, ४, ६, ८, १२, १६ किंवा २४ बाइट यांपैकीच. तेवढ्या वेळात रिसीव्हरला गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) बसवायचा, फ्रिक्वेन्सीतला फरक भरून काढायचा आणि बिटचं घड्याळ जुळवायचं असतं. डेटाशीट ४ बाइट सुचवते, ५०० केबॉडला ८. आपल्या वेगाला ४ बाइट म्हणजे ६.७ मिलिसेकंद, आणि ते पुरतात. पॅकेट हरवलं की ‘प्रिॲम्बल वाढवा’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण बहुतेक वेळा दुखणं रिसीव्हरच्या फिल्टरमध्ये, म्हणजे तो फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा ऐकतो त्यात, असतं.

समजा, क्रिस्टल (चिपची फ्रिक्वेन्सी ज्यावरून ठरते तो घटक) ±२० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २० इतका चुकणारा, आहे. ८६६ मेगाहर्ट्झवर एका टोकाचा फरक १७.३ किलोहर्ट्झ होतो, दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना गेली तर ३४.६. जानेवारीच्या पहाटे निफाडच्या बागेतला डबा गारठलेला आणि घरातला रिसीव्हर उबदार, तेव्हा ही टोकं खरंच लांब जातात. डेव्हिएशन (० आणि १ साठी फ्रिक्वेन्सी मध्यापासून जितकी सरकते ते) ५ किलोहर्ट्झ धरलं तर सिग्नलची रुंदी सुमारे १५, त्यात दोन्ही बाजूंचा मिळून ६९ चा फरक, म्हणजे ८४ किलोहर्ट्झ. सिग्नलने फिल्टरच्या ८० टक्क्यांपर्यंतच जागा घ्यावी, या नियमाने १०५, आणि चिपमधला त्यापुढचा ११६ किलोहर्ट्झचा फिल्टर लागतो. ५८ वर ठेवलेला फिल्टर दुपारी चालतो आणि पहाटे बहिरा होतो. तिथे २४ बाइटचं प्रिॲम्बलही काही करू शकत नाही.

खरी निवड सिंक वर्डची, म्हणजे प्रिॲम्बलनंतर ‘डेटा इथून’ असं सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दाची. १०१० वरून घड्याळ जुळतं, पण डेटा नेमका कुठे सुरू होतो ते कळत नाही, कारण दोन बिट सरकवलं तरी नमुना तसाच दिसतो. म्हणून सिंक वर्ड प्रिॲम्बलला चिकटवून, एकेक बिट आधी सरकवून, किती बिट वेगळे पडतात ते मोजावं. वहीवर अर्ध्या तासाचं काम आहे. डीफॉल्ट डी३९१ (हेक्समध्ये लिहिलेला १६ बिटांचा शब्द) कुठेही सरकवला तरी किमान ६ बिट वेगळे राहतात. दिसायला देखणा एए५५ दोन बिट आधीच्या जागी फक्त २ बिटांनी वेगळा आहे. एएएबी तर १ बिटाने, म्हणजे १५/१६ मोडमध्ये (१६ पैकी १५ बिट जुळले तरी चालतात) तो प्रिॲम्बलमध्येच ‘सापडतो’. इथरनेटच्या तारेवर शेवटी ११ येणारा असाच नमुना खुशाल चालतो, पण तार म्हणजे मांडवाखालची हवा नव्हे. सिंकसाठी नावाजलेला १३ बिटांचा बार्कर कोडही डोळे झाकून घेऊ नये. त्याचा गुण आजूबाजूला शांतता असतानाचा आहे, आधी १०१० असतानाचा नाही.

नुसत्या नॉइजमधूनही सिंक सापडतो. १६/१६ मोडला सरासरी दर १४ सेकंदांनी एक खोटी ओळख, १५/१६ ला सेकंदाला एकाहून जास्त, ३०/३२ ला मात्र अंदाजे २८ मिनिटांनी एक. खोटी ओळख पटली की पुढचा बाइट लांबी म्हणून वाचला जातो, आणि तो २५५ निघाला तर रिसीव्हर ४२५ मिलिसेकंद अडकतो. खरं पॅकेट तेवढ्यात येऊन निघून जातं. म्हणून ३०/३२ घ्यावा (त्यात तोच शब्द दोनदा जातो, त्यामुळे दोन्ही टोकांना हाच मोड हवा) आणि पीकेटीएलईएन (पॅकेटच्या कमाल लांबीचं सेटिंग) आपल्या सर्वात मोठ्या पॅकेटइतकंच ठेवावं. कॅरिअर सेन्सची अट (सिग्नल ठरावीक ताकदीचा असेल तरच घ्यायचा) पानोऱ्याखाली नको, अशक्त पण चांगली पॅकेटं तीच अडवते.

प्रिॲम्बल क्वालिटीची अट, म्हणजे पीक्यूटी, वापरायला हरकत नाही. बिट बदलला की मोजणी १ ने वाढते, नाही बदलला तर ८ ने घटते, आणि उंबरठा पीक्यूटीच्या चौपट. ४ बाइटच्या ३२ बिटांतले सुरुवातीचे गेन बसण्यात जातात, तेव्हा २ किंवा ३ ठीक. ७ ठेवलं तर २८ बिट सलग स्वच्छ लागतात, जे लांबच्या ओळीतल्या डब्याकडून मिळत नाहीत. पारख करायला चिपच्या जीडीओ पिनच्या (बाहेर खूण देणाऱ्या) सेटिंगमध्ये ०८ घालून ही अट कधी पुरी होते आणि ०६ घालून सिंक कधी सापडतो, हे लॉजिक ॲनालायझरवर शेजारी-शेजारी बघावं. पहिला सिग्नल येतो पण दुसरा नाही, तर सिंक वर्ड किंवा मोड जुळत नाही. दोन्ही येऊन सीआरसी (पॅकेटची चूक-तपासणी) चुकत असेल, तर डेव्हिएशन आणि बिटरेट तपासावा.

बॅटरीवरचा व्हॉल्व्ह सेकंदातून एकदाच जागा होत असेल, तर त्याला सेकंदाहून लांब प्रिॲम्बल हवं, आणि २४ बाइट तर ४० मिलिसेकंदांतच संपतात. इथे चिपची एक सोय कामी येते: टीएक्स फिफो (पाठवायच्या डेटाची रांग) रिकामा ठेवून ट्रान्समिट सुरू केलं, तर पहिला बाइट लिहीपर्यंत ती प्रिॲम्बलच पाठवत राहते. १.१ सेकंद थांबून मग डेटा लिहावा. तेवढा वेळ चॅनल अडलेला असतो, त्यामुळे सेन्सरच्या नोंदी आणि व्हॉल्व्हचे हुकूम वेगवेगळ्या चॅनलवर ठेवलेले बरे.