शेडवर सोलर, की आधी रिजेक्शन? कुपवाडच्या फाउंड्रीवाल्यांसाठी

मार्चचे हिशेब हातावेगळे झाले की सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले दोन-तीन फाउंड्रीवाले (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणारे) दरवर्षी तोच प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसतात. पन्नासेक लाख बाजूला पडलेत; सोलर टाकू, साच्याची वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा रिक्लेमेशन प्लांट घेऊ, की प्रदूषण मंडळाची संमती वेळेवर रिन्यू करून गप्प बसू? यंदा त्यात पुण्याच्या एका पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीच्या, एक्सेल शीटची भर पडली. टनामागे वीज किती, पाणी किती, टाकाऊ वाळू कुठे जाते? मालक म्हणाला, "भरून टाका काहीतरी." मी भरली नाही. पुढच्या रेटची बोलणी याच कागदावरून सुरू होणार आहेत.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक बाबींचा अहवाल सक्तीचा केला. कुपवाडच्या फाउंड्रीला तो नियम थेट लागत नाही, पण मोठ्या पार्टीला उत्तर द्यायचं असलं की ती आकडे खालच्या व्हेंडरकडेच मागणार.

आधी सोलर, कारण सगळ्यांचा जीव तिथे अडकलेला असतो. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरा. १०० किलोवॅटचे महिन्याला १२ हजार युनिट झाले. ९ रुपयांनी मोजलं तर लाखभर रुपये. माझ्यासमोर आलेली कोटेशनं ४० ते ५० लाखांची आहेत, म्हणजे साधारण चार वर्षांत पैसे वसूल. घसाराही ४० टक्के मिळतो. साध्या मशिनरीला १५ टक्केच. हिशेब चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. फाउंड्रीच्या धुराड्याची काळी धूळ पॅनेलवर बसते. ती धुवायला माणूस आणि पाणी दोन्ही लागतं. आणि तुमची भट्टी रात्री चालत असेल तर दिवसाच्या युनिटचा हिशेब टीओडीच्या (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराच्या) कोणत्या वेळेत वळता होतो, ते महावितरणच्या बिलावर स्वतः बघा. शेजारच्या सीएनसी शॉपला हा प्रश्नच नाही, त्याचा लोड दिवसाचाच. त्याने डोळे झाकून सोलर टाकावं.

आता शेडच्या मागच्या कोपऱ्यातल्या रिजेक्शनच्या, म्हणजे नापास कास्टिंगच्या, ढिगाकडे या. महिन्याला ३०० टन कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीत ८ टक्के रिजेक्शन म्हणजे २४ टन माल पुन्हा भट्टीत. इंडक्शन भट्टीत टनाला ६०० युनिट धरले तर १४,४०० युनिट, आणि रनर-रायझरचा (साच्यात धातू जायच्या वाटांत उरणारा) धातू अजून मोजलेलाच नाही. म्हणजे १०० किलोवॅट सोलर जेवढी वीज देईल त्याहून जास्त त्या ढिगात जाते. शिवाय वाळू, कोअर (कास्टिंगची आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मजुरी गेली ती वेगळीच.

एका क्लायंटकडे आम्ही तीन आठवडे प्रत्येक रिजेक्ट पीसवर खडूने कारण लिहायला लावलं: ब्लो होल (वाफ-गॅस अडकून पडलेलं भोक), कोअर सरकला, धातू थंड. ब्लो होलची रास सोमवारी सकाळीच लागायची. रविवारच्या सुट्टीत वाळू सुकायची आणि मोल्डिंगवाला अंदाजाने पाणी मारायचा. ओलावा मोजायचं यंत्र आणलं, सोमवारचं पाणी मोजून द्यायला एक माणूस नेमला. एवढ्यावर रिजेक्शन ८ वरून ५ वर आलं. सोलरच्या कोटेशनसमोर हा खर्च चिल्लर होता.

वाळूच्या प्लांटबद्दल थोडक्यात. ग्रीन सँड, म्हणजे माती-पाणी घालून बांधलेली वाळू, तशीही फिरून वापरात येते, तिथे मोठा प्लांट घेऊन फारसं हाती लागत नाही. नो-बेकवाल्याचं, म्हणजे रसायनाने वाळू घट्ट करणाऱ्याचं, वेगळं. त्याची वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याहून घाट चढून येते, पावसाळ्यात भाडंही वाढतं आणि ओलही. शिवाय वापरलेली वाळू टाकायची कुठे, हा प्रश्न आहेच. त्याने मात्र हा प्लांट सोलरच्या आधी घ्यावा.

आणि काहीच न करणं? ते फुकट वाटतं. पण पाणी कायद्यानुसार प्रदूषण मंडळाला वीज-पाणी तोडायचा आदेश देता येतो. आठवडाभर शेड बंद राहिली की पार्टीचं शेड्यूल चुकतं, आणि एकदा दुसरा व्हेंडर आत शिरला की तो सहसा बाहेर निघत नाही.

"पण याने कंपनीची किंमत वाढते का?" बँकेत जायचं असलं की हा प्रश्न येतो. २०१५ साली दोन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. त्यातल्या सुमारे ९० टक्के अभ्यासांत पर्यावरण-सामाजिक कामगिरीचा आर्थिक कामगिरीशी नकारात्मक संबंध दिसला नाही. सेमिनारमध्ये हे वाक्य "९० टक्के फायदा" असं सांगतात, ते चूक आहे. तोटा दिसला नाही एवढंच त्यातून निघतं. शिवाय नफ्यातल्या कंपनीलाच असे खर्च झेपतात, म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे लगेच सांगता येत नाही. बँकेसमोर मी तो आढावा ठेवत नाही. बारा महिन्यांची वीज-प्रति-टन आणि रिजेक्शन टक्का यांची रेघ उतरती दिसली की मॅनेजर स्वतःहून पान उलटतो.

तर माझा क्रम असा: रिजेक्शन ४-५ टक्क्यांच्या वर असेल तर पहिले पैसे तिथे. नो-बेक असेल तर मग वाळू. रिजेक्शन आटोक्यात आणि भट्टी दिवसा, तर सोलर याच वर्षी. फक्त कोटेशनवर सही करण्याआधी शिडी लावून वर चढा. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार आहे, आणि कुपवाडच्या बऱ्याच शेडवरचा पत्रा आत्ताच गंजलाय.