स्पिन लांब न्यायचाय? यिगमधले मॅग्नॉन की सुपरकंडक्टरमधले व्हॉर्टेक्स

पीएचडीला स्पिन ट्रान्सपोर्ट (इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं छोटंसं चुंबकपण, एका जागेहून दुसरीकडे नेणं) घ्यायचं नक्की झालंय पण मटेरियल ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. तांब्यात रूम टेम्परेचरला स्पिन एक मायक्रॉनच्या आतच मरतो, ते सोडा.

यिग म्हणजे यट्रियम आयर्न गार्नेट, वीज न वाहणारा पण चुंबकीय पदार्थ (मॅग्नेटिक इन्सुलेटर). २०१५ ला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या ग्रुपने यिगवर प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या टाकून रूम टेम्परेचरलाच मॅग्नॉनचा (चुंबकातल्या स्पिनच्या लाटांचा) सिग्नल पकडला, डिफ्यूजन लेंग्थ, म्हणजे विरण्याआधी ते साधारण जेवढे लांब जातात ते अंतर, सुमारे १० मायक्रॉन. क्रायोस्टॅटची (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राची) कटकट नाही. पण त्यापुढे सिग्नल एक्स्पोनेन्शियली पडतो, १० वरून ५० मायक्रॉनवर गेलात की पन्नासावा हिस्सासुद्धा उरत नाही.

व्हॉर्टेक्स म्हणजे मॅग्नेटिक फील्डमध्ये ठेवलेल्या सुपरकंडक्टरमध्ये तयार होणारे करंटचे बारीक भोवरे. त्यांच्याकडून स्पिन नेण्याची कल्पना किम, मायर्स आणि त्सेर्कोव्हन्याक यांनी २०१८ ला थिअरी म्हणून मांडली आणि मला ती फार आवडते. एका बाजूच्या मॅग्नेटिक इन्सुलेटरमधला स्पिन इंटरफेसवर व्हॉर्टेक्सना ढकलतो, ते पुढच्यांना ढकलतात, भरलेल्या लोकलमध्ये दारातला धक्का आतपर्यंत पोचतो तसं, आणि दुसऱ्या टोकाला त्याचा परत स्पिन होतो. प्रत्येक व्हॉर्टेक्समध्ये एकच फ्लक्स क्वांटम (चुंबकीय फ्लक्सचा ठरलेला, न तुटणारा तुकडा), तो वाटेत आपोआप विरत नाही, म्हणून लांब चॅनलमध्ये अंतर दुप्पट केलं तर सिग्नल साधारण निम्मा होतो, बस.

आता अडचणी, कारण निर्णय इथेच होतो. सुपरकंडक्टर म्हणजे लॉस शून्य हे इथे विसरा, व्हॉर्टेक्स हलले की व्होल्टेज येतं आणि उष्णता होते. शिवाय ते हलायला हवेत, फिल्ममधल्या दोषांना अडकून बसले की खेळ संपला, म्हणजे तुम्हाला व्हॉर्टेक्स लिक्विड (व्हॉर्टेक्स मोकळे वाहतात अशी अवस्था) लागणार आणि पिनिंग, म्हणजे हे अडकणं, कमी असलेली फिल्म लागणार. अमॉर्फस मॉलिब्डेनम-जर्मेनियम त्यासाठी मस्त, आपल्या मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) २०१९ ला त्याच्याच पातळ फिल्ममध्ये व्हॉर्टेक्स लॅटिस (व्हॉर्टेक्सची जाळीसारखी घट्ट मांडणी) वितळताना पाहिलंय, पण त्याला हेलियमची थंडी लागते. वायबीसीओ (यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) ९२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतं, लिक्विड नायट्रोजनवर भागतं, मात्र पिनिंगकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागेल.

लॅबमध्ये क्रायोस्टॅट नसेल किंवा दोन वर्षांत पेपर हवा असेल तर सरळ यिग घ्या. क्रायोस्टॅट, चांगली फिल्म आणि धीर असलेला गाइड हे तिन्ही असतील तर मी व्हॉर्टेक्सच म्हणेन, फक्त पहिल्या दिवसापासून फर्स्ट आणि सेकंड हार्मोनिक (दिलेल्या एसी करंटच्या फ्रिक्वेन्सीवरचा आणि तिच्या दुपटीवरचा सिग्नल) वेगळे मोजा, कारण व्हॉर्टेक्स उष्णतेनेही सरकतात आणि करंटच्या वर्गाने वाढणारा तो उष्णतेमुळे येणारा नर्न्स्ट सिग्नल स्पिनचा समजून बसणं फार सोपंय.