आठवीचं बीजगणित: चाचणी ऑनलाइन, कागदावर की तोंडी?

समीकरणं शिकवायला घेण्याआधी मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचं, गुण द्यायचे नाहीत. एवढ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी हे सगळे मार्ग वापरून पाहिले. तुम्हीही याच विचारात असाल तर माझा अनुभव असा.

आधी प्रश्न कसला हवा ते बघू. 8 + 4 = ☐ + 5. चौकटीत 12 लिहिणाऱ्या मुलाला 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम वाटतो. 17 लिहिणारा दिसेल ते मिळवत सुटतो. 7 लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या करायच्यात हे कळलेलं असतं. घटक चाचणीत पहिल्या दोघांनाही शून्यच, पण त्यांना शिकवायचं वेगवेगळं.

तयार ऑनलाइन चाचण्यांत मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 'स्मार्ट' चाचण्या नावाजलेल्या आहेत. एकेक उत्तर न तपासता अनेक उत्तरं एकत्र बघून मूल कुठल्या पायरीवर आहे, हे संगणक सांगतो. हे काम हाताने करायला बसलात तर संध्याकाळ जाते. बेळगाव शहरातली इंग्रजी माध्यमाची शाळा असेल आणि लॅब चालू असेल, तर दुसरं काही शोधू नका. आमची अडचण भाषेची. पोरं घरी मराठी, शाळेत मराठी, बसच्या पाटीवर कन्नड. इंग्रजी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर बीजगणित चुकलं की इंग्रजी, हे कसं ओळखणार?

म्हणून मराठीत स्वतःच ऑनलाइन फॉर्म केला. पहिल्याच दिवशी एका हुशार मुलीचं उत्तर चूक दाखवलं. बघतो तर तिने '७' लिहिलेलं, आणि उत्तरसूचीत मी फक्त 7 टाकलेला! पर्याय द्यावेत तर अंदाजाने टिचकी मारतात. घरी सोडवायला द्यावं तर बाबांचा मोबाइल रात्री हाती येणार, शेजारी दहावीतला दादा बसलेला. त्यात कणकुंबीकडचा पाऊस आणि विजेचा लपंडाव. फॉर्म वापरायचाच तर शाळेतच, आणि आकड्यात उत्तर येईल असेच प्रश्न घाला.

कागद मला सगळ्यात परवडला. सहा प्रश्न, अर्धा कागद, पंधरा मिनिटं. तपासताना बरोबर-चूक करायचं नाही, एका प्रश्नाच्या सारख्या उत्तरांचे गठ्ठे लावायचे. शिवाय खोडलेलं दिसतं, आणि 12 खोडून 7 केलेला कागद फार बोलका असतो. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकात डिटमार क्यूशेमान यांनी मुलं बीजगणितातल्या अक्षराचा अर्थ कोणकोणत्या सहा प्रकारे लावतात हे मांडलं, तेही कागदावरच्या चाचण्यांतून. तेव्हा लॅब नाही म्हणून ओशाळायचं कारण नाही.

तोंडी विचारणं चाळीस मुलांना जमणारं नाही. पण दोघा-तिघांना विचाराच. माझा एक प्रश्न होता: वही 20 रुपयांना, पेन 10 रुपयांना, व वह्या आणि प पेनं घेतली, एकूण 100 रुपये झाले, समीकरण लिहा. हवं होतं 20व + 10प = 100, दोघांनी लिहिलं व + प = 100. एकाच गठ्ठ्यातले कागद. दुपारच्या जेवणानंतर त्यांना बोलावलं.

पहिला म्हणाला, "वह्या आणि पेनं मिळून शंभर झाले की ओ सर." त्याच्या लेखी व म्हणजे वहीच.

दुसरी जरा थांबली. "व म्हणजे वह्यांना गेलेले पैसे, सर."

तसं धरलं तर तिचं समीकरण बरोबरच होतं. तिने प्रश्न नीट वाचला नव्हता, एवढंच.