गुडघ्यांसाठी 'ऑक्सिजन चेंबर'चं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. ऑपरेशनचं नाव निघाल्यापासून ती धास्तावली होती आणि ही धास्तीच आमच्या शहरातल्या एका 'वेलनेस सेंटर'ने हेरली. हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीने, म्हणजे बंद कक्षात जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या उपचाराने, ऑपरेशन टळेल असं सांगून त्यांनी तिला पॅकेज विकलं. सगळे पैसे आगाऊ.

हा उपचार कोणत्या आजारांवर मान्य आहे याची त्यांनी दाखवलेली यादी खोटी नव्हती, हे आधी लक्षात घ्या. औषधांना दाद न देणारा हाडातला जुना जंतुसंसर्ग, रेडिएशनमुळे खराब झालेलं जबड्याचं हाड, मधुमेहींच्या पायाची न भरणारी जखम अशा आजारांत हा उपचार खरोखर दिला जातो. पण झिजलेला गुडघा किंवा साधी कंबरदुखी त्या यादीत नाही. 'हाडांसाठी मान्यताप्राप्त' एवढंच ते ठासून सांगतात. दुखण्याने वैतागलेला माणूस त्यात आपला गुडघा धरून चालतो.

मग ते यंत्र. खऱ्या उपचारात भक्कम बंद कक्षात, नेहमीच्या हवेच्या दुप्पट-अडीचपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. आईला झोपवलं ते चेन लावायच्या, फुगवलेल्या पिशवीत. वर दाब लिहिलेला १.३, म्हणजे नेहमीच्या हवेच्या १.३ पट. ऑक्सिजनचा मास्क नाही, सिलिंडर नाही, आत नुसती हवा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्या दाबाला फार तर साध्या दाबात २७ टक्के ऑक्सिजन घेतल्याएवढा परिणाम. दवाखान्यात नाकाला नळी लावून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन दिला तरी साधारण तेवढाच मिळतो!

डॉक्टर कधी दिसले नाहीत. आईचा कान ठणकायला लागला तर तिथली मुलगी म्हणाली, "काकू, होईल सवय." अशा वेळी दाब वाढवणं तिथल्या तिथे थांबवायचं असतं, नाहीतर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. मोबाइलही आत नेऊ दिला. आईच्या पिशवीत नुसती हवा होती, पण शुद्ध ऑक्सिजनच्या खऱ्या कक्षात एक ठिणगी पुरते. १९९७ साली मिलानच्या एका रुग्णालयात अशा कक्षाला आग लागून ११ जण दगावले.

गुडघे आहेत तसेच आहेत. पैसे परत मागितले तर पावती पुढे केली. तिच्यावर थेरपीचा उल्लेखच नाही, फक्त 'वेलनेस सेवा'. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. तुम्हाला कुणी असं पॅकेज देऊ केलं, तर उपचाराचं नाव, दाब आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पावतीवर लिहून मागा. नाही म्हणाले, तर पैसे देऊ नका.