काश्मीरची फेरी, जुना ट्रक आणि डिझेलमधलं औषध: कुठे पैसे घालावेत, कुठे नाहीत

जानेवारीतली पहाट होती. काझीगुंडला रस्ता बंद होता आणि गाड्यांची रांग लागली होती. आमच्या ड्रायव्हरचा फोन आला, "दादा, गाडी उचलते अन् दोन मिनिटांत बसते. हातपंप मारून मारून खांदे गेले." (हातपंप म्हणजे हाताने डिझेल इंजिनाकडे ओढायचा छोटा पंप.) फिल्टर उघडून फोटो पाठव म्हटलं. फोटोत फिल्टरच्या कागदावर पांढुरका, मऊ थर बसलेला दिसला, थिजलेल्या तुपासारखा. पुलवामाच्या शीतगृहातून सफरचंद भरून वाशीला निघालेली गाडी तिथेच दीड दिवस अडकली. चूक आमची होती. वर डिझेल भरायला नको म्हणून पंजाबात टाकी फुल्ल करून घेतली होती.

तेव्हापासून हिवाळा आला की ओळखीचे गाडीमालक विचारतात: डिझेलमध्ये टाकायचं ते थंडीचं औषध घ्यावं का? की रॉकेल घालावं? की लडाखात मिळतं ते खास डिझेल शोधावं? बीएस-३, बीएस-४ची, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषांची, एखाद-दुसरी गाडी असलेल्या माणसासाठी हे लिहितोय.

आधी डिझेल गोठतं म्हणजे काय होतं ते पाहू. थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीत काय होतं ते आपण लहानपणापासून पाहतो. आधी तेल धूसर होतं, मग पांढरे तंतू दिसतात, मग बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं आणि तेही याच तीन पायऱ्यांनी जातं. गाडी बंद पडते ती मधल्या पायरीवर. टाकीतलं डिझेल अजून वाहत असतं, पण मेणाचे कण फिल्टरवर बसून वाट अडवतात. म्हणून आपल्या कामाचा आकडा आहे फिल्टर तुंबण्याचं तापमान. भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलसाठी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी, ही मर्यादा ६ अंश सेल्सिअस आहे आणि उन्हाळ्याच्या डिझेलसाठी १८ अंश. प्रत्यक्षात बरंचसं डिझेल याहून चांगलं निघतं, पण हमी तेवढ्याचीच. श्रीनगरला चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत, पारा शून्याखाली पाच-सहा अंश जाणं नेहमीचं आहे.

गाडी चालू असते तोवर इंजिनाच्या उबेवर बहुतेक वेळा निभावतं. घात होतो तो रात्रभर उभ्या गाडीचा, आणि जम्मू-श्रीनगर रस्त्यावर दरड कोसळली की गाड्या रात्र-रात्र उभ्या राहतात.

महाराष्ट्रात आणि मैदानात

इथे माझं मत स्पष्ट आहे: औषध घेऊ नका. निफाडला पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि त्याच सकाळी गाड्याही सुरू व्हायला कुरकुरतात. पण त्यामागे मेण क्वचितच असतं. लक्षण नीट बघा. सेल्फ जड फिरत असेल तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा. सेल्फ जोरात फिरतो, पण हातपंप मारल्याशिवाय गाडी लागत नाही, तर कुठेतरी हवा धरतेय. जुन्या गाड्यांत हे फार होतं. २०२० च्या एप्रिलपासून देशभर १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधकाचं डिझेल आलं. त्याची घडण वेगळी असल्याने जुनी, कडक झालेली रबरी सील आकसून झिरपायला लागू शकतात. रात्री डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी इंजिनाचा डिझेल-पंप रिकामा असतो. यावर बाटलीतलं औषध काय करणार? सील, वॉशर आणि पाइप बदला. गाडी लागते, मिनिट-दोन मिनिटं चालते आणि दम लागल्यासारखी बसते, तेव्हाच मेणाचा संशय घ्या. त्यातही सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं साठवणाऱ्या भांड्यातलं) पाणी आधी सोडून बघा, कारण शून्याखाली पाण्याचा बर्फही अशीच वाट अडवतो.

"पंप वाचवतं, नोझल वाचवतं" असं औषधाच्या बाटल्यांवर लिहिलेलं असतं. कमी गंधकाच्या डिझेलला वंगणाचा गुण कमी, हे खरं आहे. पण तो भरून काढायची जबाबदारी रिफायनरीची आहे आणि मानकात त्याची चाचणीही आहे. चांगल्या पेट्रोल पंपावर डिझेल भरत असाल तर त्यासाठी वेगळी बाटली घेऊ नका, ते पैसे बॅटरीला लावा.

काश्मीर खोरं: औषध की रॉकेल

औषधाची खरी जागा इथे आहे. चांगलं औषध मेण वितळवत नाही. ते मेणाच्या कणांना मोठं होऊ देत नाही आणि एकमेकांत गुंतू देत नाही, त्यामुळे ते बारीक राहून फिल्टरमधून निघून जातात. म्हणून ते डिझेल उबदार असतानाच पडायला हवं. खोबरेल थिजल्यावर बाटलीत काहीही ओतलं तरी ते पातळ होत नाही, तसंच हे. वर जाऊन, गाडी बसल्यावर क्लीनर अर्धी बाटली टाकीत ओततो, ते पैसे वाया जातात. जम्मूला, घाट चढायच्या आधी, पंपावरच आधी औषध टाका आणि त्यावर डिझेल भरा, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. लेबलवर हजारास एक असं प्रमाण असेल तर ३५० लिटरच्या टाकीला ३५० मिली. दुप्पट टाकल्याने दुप्पट गुण येत नाही.

किती अंशांचा फायदा होतो ते डिझेलवर अवलंबून असतं. एखाद्या डिझेलमध्ये दहा अंश मिळतात, एखाद्यात जेमतेम तीन-चार. लेबलवर मोठ्या अक्षरात बहुधा डिझेल पूर्ण थिजण्याचा आकडा असतो, पण फिल्टर त्याच्या कितीतरी आधी तुंबतो. म्हणून आम्ही घरीच बघतो. दोन काचेच्या बाटल्यांत पंपावरचं डिझेल घ्यायचं आणि एकीत औषध टाकायचं. पॉट आइस्क्रीमला करतात तसं बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून त्यात दोन्ही बाटल्या घट्ट झाकण लावून तासभर ठेवायच्या. हे अंगणात करा, चुलीपासून लांब. दोन्ही बाटल्या धूसर होतात, त्यावर जाऊ नका. तिरप्या करून बघा. साध्या बाटलीत लापशी सरकते आणि औषधाच्या बाटलीतलं अजून पाण्यासारखं हलतं, तर औषध त्या डिझेलला लागू पडलं. फरक दिसला नाही तर दुसरं औषध बघा.

रॉकेल जुने ड्रायव्हर वर्षानुवर्षं घालत आलेत आणि ते काम करतं, हे मी नाकारत नाही. रॉकेलात मेण कमीच असतं. पण हिशोब बघा. १० टक्के रॉकेलाने जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो, म्हणजे दहा अंशांसाठी टाकीचा मोठा हिस्सा रॉकेल झालं. त्यात वंगणाचा गुण नाही. इंजिनाच्या जुन्या डिझेल-पंपाचे प्लंजर (आतले सरकते दांडे) डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यामुळे वाचलेले पैसे पंप उतरवताना दामदुपटीने जातात. रेशनचं निळं रॉकेल गाडीत घालणं गुन्हा आहे, तपासणीत रंग सापडला तर गाडी अडकते. पेट्रोल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, टाकीतली वाफ भडकायला ठिणगी पुरते. आणि टाकीखाली जाळ करू नका. पोरं थंडीने काकडलेली असतात, त्यांना ते सोपं वाटतं, म्हणून मालकानेच निघताना बजावलं पाहिजे. फिल्टरवर फडकं गुंडाळून कोमट पाणी ओतायचं आणि नवा फिल्टर चढवून हवा काढायची. वेळ लागतो, पण माणसं सुखरूप राहतात. दोन जादा फिल्टर केबिनमध्ये असायलाच हवेत.

एक गोष्ट औषधही सावरू शकत नाही. हायवेवर स्वस्तात मिळणारं 'बायोडिझेल' त्या टाकीत घेऊ नका. पामतेलाचं असेल तर ते १३ ते १६ अंशांनाच धूसर होतं. नाशिकच्या थंडीतही ते त्रास देईल, मग बनिहालच्या पुढे काय होईल!

लडाख आणि त्याच्या वर

द्रासला उणे वीस आणि त्याखालीही जातं. तिथे मैदानातलं डिझेल आणि औषध या जोडीवर माझा भरवसा नाही. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. ते पानिपत रिफायनरीत बनतं आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. झोजिला खिंड ओलांडायची असेल तर हिशोब उलटा लावा: मैदानातलं डिझेल वर पोहोचेपर्यंत संपत आलेलं असावं आणि टाकी तिथल्या डिझेलने भरावी. भरल्यावर लगेच गाडी बंद करू नका. लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये अजून जुनंच डिझेल असतं. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून मग मुक्काम करा.

एका बाबतीत जुनी गाडी उजवी आहे. नव्या बीएस-६ गाड्यांचं, धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी उणे ११ अंशांना गोठतं, आपल्या बीएस-३ला ती टाकीच नाही. पण नवी गाडीही घेतलेली असेल तर रॉकेलाचा प्रयोग तिच्यावर चुकूनही करू नका.

आमच्या गाड्यांचं आता असं ठरलंय: डिसेंबर ते फेब्रुवारी काश्मीरचं भाडं आलं की पंजाबात अर्धीच टाकी भरायची. जम्मूला सेपरेटरचं पाणी सोडायचं, फिल्टर नवा घालायचा, औषध टाकून टाकी भरायची, आणि ड्रायव्हरने रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवायचा. फोटो आला की मगच गाडी उधमपूरकडे निघते.