बुश आणि गिअरसाठी नायलॉन की ॲसिटल?

बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारी नळी. ती आणि गिअर बनवायला नायलॉन आणि ॲसिटल (पीओएम) ही दोन प्लास्टिकं चालतात: दोन्ही पांढरी, दोन्ही गुळगुळीत, दोन्ही लेथवर सहज चालणारी. ताकदीचे आकडे शेजारी मांडून निवड होत नाही, कारण कॅटलॉगमधला नायलॉनचा ठळक आकडा बहुतेकदा कोरड्या नमुन्याचा असतो आणि मशीनवर बसलेला नायलॉन कोरडा राहत नाही. माझ्या मते निकाल तिथेच लागतो.

नायलॉन ६ हवेतलं पाणी ओढतो: ५० टक्के आर्द्रतेत अडीच ते तीन टक्के, पाण्यात बुडून राहिला तर नऊच्या आसपास. ॲसिटल त्याच हवेत जेमतेम ०.२ टक्के घेतो, पाण्यात एकच्या आत. दर एक टक्का पाण्यामागे नायलॉनचं माप साधारण पाव टक्का वाढतं असं धरा. ४० मिमी बाहेरचा व्यास आणि ३० मिमी बोअर (आतलं भोक) असलेल्या बुशच्या बाहेरच्या व्यासात ५० टक्के आर्द्रतेत ही वाढ पाव मिलिमीटर पडते. हाउसिंगमध्ये (बुश बसवायच्या खोबणीत) दाबून बसवलेला बुश बाहेर फुगू शकत नाही, म्हणून बोअर आवळतो आणि शाफ्ट धरला जातो. त्यातही वैताग असा, की ५ मिमी जाडीत पाणी पूर्ण मुरायला कित्येक महिने जातात. तपासणीत प्लग गेज (भोक तपासायचं दंडगोल माप) सुरळीत जातो, जोडणी छान होते आणि जाम नंतर होतो. क्लिअरन्स (बोअर आणि शाफ्टमधली फट) आधीच वाढवला तर कोरड्या हवेत शाफ्ट खडखडतो. बुश गरम पाण्यात मुरवून मग फिनिश कट घेता येतो, पण प्रत्येक लॉटमागे ती वाट पाहणं आलं.

ॲसिटलचा बोअर कापला तसा राहतो. चिपही तुटून पडते. नायलॉनची लांब दोरी टूलला गुंडाळते.

तरी धक्के बसणार असतील, धूळ-वाळूत घासणार असेल किंवा मोठ्या व्यासाचं चाक हवं असेल, तर कास्ट (साच्यात ओतलेला) नायलॉनच घ्यावा. उष्णता १०० अंशांच्या वर सतत असेल तर काचतंतू भरलेला नायलॉन बरा. ॲसिटल १६५ ते १७५ अंशांना वितळतो, नायलॉन ६ सुमारे २२० ला. तीव्र आम्ल आणि क्लोरीन ॲसिटलला खातात, आणि त्याला चिकटवणं जवळजवळ अशक्य.

मोल्डिंग करणार असाल तर नायलॉनचे दाणे ८० अंशांवर चार-सहा तास सुकवल्याशिवाय चालवू नका, नाहीतर भागावर चंदेरी रेघा उमटतात. ॲसिटलचं वितळलेलं तापमान २०० अंशांच्या आसपास ठेवा. जास्त तापला किंवा बॅरलमध्ये (दाणे वितळवणाऱ्या नळकांड्यात) रेंगाळला की फॉर्माल्डिहाइड सुटतो, डोळे झोंबतात. आधी पीव्हीसी चाललेल्या बॅरलमध्ये तो कधीच घालू नका. थोडं पीव्हीसी उरलं तरी ॲसिटल झपाट्याने विघटन पावतो आणि बॅरलमध्ये वायूचा दाब धोकादायक चढतो. आधी पॉलिइथिलीनने बॅरल नीट धुऊन घ्या.

ॲसिटल कोपॉलिमर आणि होमोपॉलिमर अशा दोन प्रकारांत मिळतो. रॉड घेताना मी कोपॉलिमरकडे झुकेन. होमोपॉलिमर थोडा जास्त ताठ असतो, पण जाड रॉडच्या मध्यभागी सच्छिद्र पट्टा निघतो आणि तीव्र अल्कलीपुढे तो टिकत नाही.