नार्कोमफिन, मॉस्को : घर अव्वल, टूर जेमतेम

मी दादरला इंटिरियरची कामं करते. साडेतीनशे फुटांत चार माणसं आणि त्यांचं सामान बसवणं हा रोजचा धंदा. त्यामुळे कन्स्ट्रक्टिव्हिझमची, म्हणजे १९२०च्या दशकातल्या सोव्हिएत कला-वास्तुशैलीची, पोस्टरं पाहण्यापेक्षा मला त्या लोकांनी बांधलेलं नार्कोमफिनमधलं घर आतून बघायचं होतं. बॅरिकादनाया मेट्रोपासून चालत जाता येतं, अमेरिकी वकिलातीच्या शेजारीच.

मोइसेई गिन्झबुर्ग आणि इग्नाती मिलिनिस यांनी ही इमारत १९२८ ते १९३० दरम्यान सोव्हिएत अर्थखात्याच्या (रशियन लघुरूप 'नार्कोमफिन') कर्मचाऱ्यांसाठी बांधली. पुढे तिची पार रया गेली होती. २०२० पर्यंत गिन्झबुर्गच्याच नातवाने, अलेक्सेईने, ती नीट उभी केली.

टूरमध्ये 'एफ' प्रकारचं छोटं घर दाखवतात. लांब कॉरिडॉरमधून आत शिरायचं आणि पायऱ्या चढायच्या किंवा उतरायच्या. बसायच्या खोलीची उंची जवळजवळ बारा फूट, झोपायच्या कोपऱ्याची मात्र साडेसातच्या आसपास. जिथे माणूस आडवाच होणार तिथली उंची कापली आणि वाचलेल्या उंचीत वरच्या-खालच्या घरांसाठी मिळून एकच कॉरिडॉर बसवला! शिवाय दोन्ही बाजूंना खिडक्या, म्हणजे हवा आरपार. आमच्या बिल्डरांना हे दाखवायला हवं. रंग बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेच्या हिनेर्क शेपरने ठरवले होते, काही घरांना उबदार, काहींना थंड छटा. मी मान वर करून छतच बघत बसले.

स्वयंपाकाला मात्र जेमतेम एक कोनाडा. बायकांची चुलीपासून सुटका व्हावी म्हणून शेजारच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांचं जेवणघर, धुलाईची वेगळी सोय. प्रत्यक्षात लोक तिथलं जेवण घरी न्यायला लागले आणि जेवणघर फार काळ टिकलं नाही. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं : नळ सामायिक चालतो, फोडणी नाही.

आमच्या गाइडबाईंनी हा भाग दोन वाक्यांत उरकला आणि सगळा वेळ दिला गच्चीवरच्या घराला. तिथे वायुवीजनाची यंत्रं बसायची होती. ती आलीच नाहीत, तेव्हा अर्थखात्याचे कमिसार (म्हणजे मंत्री) मिल्युतिन यांनी ती जागा स्वतःच्या राहण्यासाठी घेतली. किस्सा झकास आहे, पण मला कोनाड्यातल्या ओट्याचं माप घ्यायचं होतं आणि टेप काढताच 'चला, चला' सुरू झालं.

इमारतीला पाचपैकी पाच, टूरला अडीच. आता इथे महागडे फ्लॅट आहेत, रहिवासी राहतात, तेव्हा आगाऊ बुकिंग करूनच जा. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार करावा.